अस्वलाच्या फोटोतले दाणे

"पण मग हे दाणे येतात तरी कुठून?" शर्वरीने विचारलं.

लांजेवार गुरुजी ओसरीवर चिंचा फोडत बसले होते. त्यांनी मान वर करून तिच्या लॅपटॉपकडे पाहिलं. पडद्यावर एक काळं अस्वल होतं, आणि त्याच्या अंगभर कुणी लाल-निळी रेती भुरभुरावी तसे बारीक दाणे पसरले होते.

"अंधारातून," गुरुजी म्हणाले.

"ते मलाही माहीत आहे."

"मग विचारतेस काहून?"

गुरुजींनी एक चिंचोका बाजूला टाकला.

नागपूरची शर्वरी देव घरांचे नकाशे काढायची. तो तिचा व्यवसाय, आणि जंगलातले फोटो हे तिचं वेड. हुशार होती. आपण हुशार आहोत हेही तिला ठाऊक होतं. कॅमेऱ्यातलं तिला कुणी काही शिकवावं लागत नसे. उलट तिच्याकडेच चारजण विचारायला येत.

पण मागे एका स्पर्धेत असं झालं, की परीक्षकांनी तिचा अस्वलाचा फोटो भिंतीएवढ्या पडद्यावर घेतला आणि मोठा करत करत थेट नाकापर्यंत नेला. मग हॉलकडे वळून म्हणाले, "हे अस्वल आहे, की बांधकामावर पडलेला वाळूचा ढीग?"

हॉल हसला. शर्वरीही हसली. हसावंच लागलं.

कॅमेऱ्यात आयएसओ नावाचा एक आकडा असतो. अंधारात कॅमेऱ्याने डोळे किती ताणायचे, ते त्या आकड्यावर ठरतं. आकडा वाढवला की अंधारातलंही दिसायला लागतं, पण त्याबरोबर चित्रात दाणे येतात. त्या दिवसापासून शर्वरीने तो आकडा खाली ओढला आणि पुन्हा वर म्हणून जाऊ दिला नाही. ऊन असो, सावली असो, दिवस बुडायला आलेला असो.

आणि दाणे काही गेले नाहीत. उलट वाढलेच.

तिने कॅमेरा बदलून पाहिला. हाताला रग लागेल एवढी मोठी लेन्स घेतली. चार ठिकाणची शिबिरं केली. शेवटी कुणीतरी म्हणालं, गोंदियाच्या पुढे साजटोल्याला लांजेवार गुरुजी आहेत, त्यांना विचार. शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांची नोकरीची वर्षं गेली आणि सुट्ट्या सगळ्या जंगलात गेल्या. कॅमेऱ्यात रोल घालायच्या काळापासून ते फोटो काढतात. काळ्या जनावराचा फोटो कसा काढावा, हे त्यांना कळतं.

म्हणून ती आली होती. आणि गुरुजी चिंचा फोडत होते.

"फोटो काढतेस तेव्हा कसा असतो?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"कॅमेऱ्यात. घरी नेण्याआधी."

"काळा असतो," ती म्हणाली. "आकडा खाली ठेवते ना. मग घरी जाऊन कॉम्प्युटरवर उजळते."

"हं."

"सगळेच उजळतात, गुरुजी."

"वरणात डाळ कमी पडली," गुरुजी म्हणाले, "तर तू काय करतेस?"

"... आटवते."

"मग?"

"खाली लागतं."

"मुळात उजेड कमी घेतेस, मग घरी आटवतेस," गुरुजी म्हणाले. शर्वरीने पडद्यावरच्या अस्वलाकडे पाहिलं. तिला एकदम राग आला. गुरुजींचा आला की स्वतःचा, ते तिला सांगता आलं नसतं.

"पण आकडा वाढवला तर दाणे येतात! हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"येतात."

"मग काय करायचं?"

"येऊ द्यायचे."

एवढं म्हणून ते चिंचांनी भरलेलं सूप उचलून आत गेले.

*

गुरुजींच्या शेताच्या टोकाला, जिथे बांध संपून जंगल सुरू होतं, तिथे एक मोहाचं जुनं झाड होतं. चैत्र सरत आला होता, तरी फुलं अजून गळत होती. झाडापासून थोडं अंतर राखून गुरुजींनी खांबांवर मचाण बांधलं होतं. उन्हं उतरली की मोह खायला अस्वल यायचं.

"अस्वल वर चढतं ना?" चढता चढता शर्वरीने विचारलं.

"चढतं. पण जेवण खाली मांडलेलं असताना कोण माडीवर जातं?"

वर बसल्यावर गुरुजींनी खिशातून चिकटपट्टी काढली. कॅमेऱ्याच्या पाठीवर, काढलेला फोटो दिसतो त्या काचेकडे बोट दाखवलं.

"यावर लावायची."

"का?"

"खाली बघायचं नाही."

"फोटो बघितल्याशिवाय दाणे आलेत की नाही, कळणार कसं?"

"नाहीच कळणार."

"मग नको," शर्वरी म्हणाली. ती मोठ्या माणसांशी तुटक बोलणारी मुलगी नव्हती, पण आवाज चढलाच.

गुरुजींनी चिकटपट्टी परत खिशात टाकली. चेहऱ्यावर राग नव्हता. "तुझी मर्जी," म्हणाले.

दोघं बसून राहिले. मोहाची फुलं पडत होती. टप... टप... त्यांचा गोडसर आंबूस वास खालून वर येत होता. सूर्य डोंगराआड गेला आणि झाडाखालचा उजेड कुणी घडी घालून ठेवावा तसा हळूहळू आवरला.

मग झुडपं हलली.

आधी आवाज आला. गरम चहा बशीतून फुरकत प्यावा तसा. मग तो काळा ढीग सावलीतून सुटा झाला आणि मोहाखाली आला.

शर्वरीने बटण दाबलं. दाबलं की लगेच मान खाली. काचेवर चित्र काळं दिसत होतं. तिने ते मोठं केलं, आणखी मोठं केलं, अस्वलाच्या खांद्यापर्यंत नेलं. दाणे दिसत नव्हते. बरं वाटलं. की आहेत? कडेला आहेत थोडे... तिने आकडा आणखी एक घर खाली आणला.

गुरुजींनी तिच्या कोपराला हात लावला.

"एक मिनिट," ती कुजबुजली.

पुन्हा हात लागला.

"एकच मिनिट, गुरुजी..."

तिने मान वर केली तेव्हा अस्वल पाठमोरं होऊन झुडपात शिरत होतं. पानं हलली आणि थांबली. शेजारी गुरुजी बसले होते, आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा जत्रेतून आलेल्या मुलासारखा फुलला होता.

"काय झालं?" शर्वरीने विचारलं.

"पिल्लं होती."

"कुठे?"

"झाडामागे. मग दोघंही तिच्या पाठीवर चढली. एक घसरलं. पुन्हा चढलं."

शर्वरी त्यांच्याकडे बघत राहिली. पिल्लं पाठीवर घेतलेली अस्वलीण. हा फोटो मिळावा म्हणून ती किती जंगलं फिरली होती.

"मला सांगितलं का नाही?"

तिने नकळत आपल्या कोपराला हात लावला, आणि तिचे डोळे भरून आले. गुरुजी दुसरीकडे बघायला लागले. तिला रडून घेता यावं एवढा वेळ ते दुसरीकडेच बघत राहिले.

*

सकाळी अंगणात एक बाई आली. साठीची, काटक. डावा खांदा आणि दंड पट्टीत बांधलेला, आणि पदर त्यावरून ओढून घेतलेला. उजव्या हातात आंबिलीने भरलेला गंज होता.

"ही फुलवंताबाई मडावी," गुरुजी म्हणाले. "शेजारीण."

शर्वरीने गंज हातातून घेतला. "काय झालं मावशी, खांद्याला?"

"अस्वल," बाई म्हणाली आणि ओसरीच्या कडेला टेकली.

मोह गळायला लागला तेव्हाची गोष्ट. फुलवंताबाई पहाटे टोपली घेऊन गेली होती. वाकून फुलं वेचत होती. मागून ते आलं. बाजूच्या माणसांनी आरडाओरडा केला म्हणून वाचली. तेव्हापासून ती मोहाखाली गेली नव्हती. सबंध आयुष्यात तिने मोह चुकवला नव्हता; या साली चुकला. आता रात्री कुत्रं जरी अंगणातून गेलं तरी ती दचकून उठून बसते, असं गुरुजींनी शर्वरीला नंतर सांगितलं.

"काल दिसलं काय जी ते?" बाईने विचारलं.

"दिसलं," शर्वरी म्हणाली.

"कसं होतं?"

शर्वरीला काय वाटलं कोण जाणे, तिने कॅमेरा आणला आणि कालचा फोटो बाईपुढे धरला.

फुलवंताबाई बघत राहिली. काचेवर काळोख होता, आणि त्या काळोखात आणखी एक काळोख. डोळा नाही, नाक नाही, पाय नाही.

"होय," ती हळूच म्हणाली. "असंच होतं. असंच काळं." तिने पदर घट्ट ओढून घेतला आणि तोंड फिरवलं.

शर्वरीचा हात तसाच राहिला. तिच्या फोटोला कुणी चांगलं म्हणालं होतं, कुणी वाईट. त्याला बघून कुणी असं अंग चोरलं नव्हतं.

"बाई, ते पिसाळलेलं नाही," गुरुजी म्हणाले. "तिला पिल्लं आहेत. काल मी पाहिली."

फुलवंताबाई उदास हसली. "तुमचं काय जी, गुरुजी. तुम्ही सापालेही लेकुरवाळा म्हणान."

"खरं सांगतो."

"माह्या पोरानं गवत जमवून ठेवलंय," बाई म्हणाली. "वरच्या कपारीत राहते ते. तोंडाशी जाळ करतो म्हणते, या आठवड्यात. धुरानं निंगून जाईन."

"आणि पिल्लं?"

"आता गुरुजी..." ती उठली. "माहा खांदा तुम्ही पाहिला न जी?"

गुरुजींनी मान खाली घातली.

बाई गेली. आंबील तशीच राहिली. अंगणात ऊन तापत चाललं होतं.

बऱ्याच वेळाने शर्वरी म्हणाली, "गुरुजी..."

"हं."

"ती चिकटपट्टी आहे का?"

*

गुरुजींनी कॅमेरा मांडीवर घेतला आणि काच झाकून टाकली. मग आकड्याचं चाक फिरवायला लागले. शर्वरी बघत होती. चाक तिच्या नेहमीच्या आकड्यावरून पुढे गेलं. आणखी पुढे गेलं. ती जिथे कधी शिवलीही नव्हती, तिथे जाऊन थांबलं.

"एवढा?" तिच्या तोंडून गेलं.

"दिवस बुडताना एवढाच."

"चाळणीसारखं होईल चित्र."

"चाळणीत काहीतरी उरतं तरी," गुरुजी म्हणाले. "काळी जनावरं उजळच घ्यावी. काळ्यातही केस असतात. तिथल्या तिथे घेतलेस तर मिळतील. घरी जाऊन मागितलेस तर कोण देणार?"

"आणि ती हलली तर?"

"शटर सावकाशच ठेव, उजेड जास्त येतो. मोह तोंडात आला की ती क्षणभर थांबते. तेव्हाच दाब. उगाच टकाटक नको."

"आणि ती लांब असली तर?"

"तर थांब."

"नंतर फोटो कापून जनावर मोठं करता येतं..."

"दाणेही मोठे होतात त्याबरोबर. तू जवळ जाऊ नकोस. तिला येऊ दे."

त्या संध्याकाळी अस्वलीण आलीच नाही. शर्वरी कोरा कॅमेरा घेऊन खाली उतरली. परतताना वरच्या वाटेवर तिला एक तरुण दिसला. डोक्यावर गवताचा भारा घेऊन तो कपारीच्या दिशेला जात होता. गुरुजींनी त्याला हाक मारली. त्याने भाऱ्याखालून नमस्कार केला, पण थांबला नाही.

"फुलवंताबाईचा मुलगा?"

"होय. गुणाचा पोरगा आहे," गुरुजी म्हणाले. "आईला पाठीवर घालून त्यानेच दवाखान्यात नेलं."

दुसऱ्या दिवशी दोघं लवकरच मचाणावर जाऊन बसले. शर्वरीला आज फोटोची काळजी नव्हती. कपारीकडून धूर दिसतो का, हे ती सारखी बघत होती.

उन्हं गेली. झाडाखालचा उजेड तांबूस झाला, मग करडा, मग नुसता असल्यासारखा.

आणि फुरकण्याचा आवाज आला.

अस्वलीण उघड्यावर आली. पण लांब होती. शर्वरीचं बोट बटणावर गेलं... आणि थांबलं. थांबवणं किती जड असतं, ते तिला त्या वेळी कळलं. अस्वलीण हुंगत हुंगत पुढे आली. झाडाखाली आली. मागून दोन काळे गोळे धडपडत आले, एकमेकांच्या अंगावर पडले, आणि त्यांतल्या एकाने चिरचिरा आवाज काढला.

अस्वलीण मोह तोंडात घेऊन स्थिर झाली. शर्वरीने बटण दाबलं.

मान खाली जाऊ पाहत होती. सवयच ती. तिने डोळा कॅमेऱ्याला टेकवूनच धरला. दाणे आले असतील. नक्कीच आले असतील. परीक्षकांचा आवाज कानात आला, हॉलचं हसू आलं... आणि तेवढ्यात एक पिल्लू आईच्या पाठीवर चढलं, दुसरंही चढलं, पहिलं घसरायला लागलं आणि त्याने आईचा कान दोन्ही पंजांत गच्च धरला. अस्वलीण कान न हलवता उभी राहिली. घसरणारं पिल्लू पुन्हा नीट बसेपर्यंत उभी राहिली.

शर्वरीने दाबलं. पुन्हा एकदा दाबलं.

परीक्षकांचा आवाज कधी थांबला, ते तिला कळलंही नाही.

*

सकाळी चिकटपट्टी निघाली. काचेवर गोंदाचा चिकट डाग राहिला. शर्वरीने ओसरीवर लॅपटॉप मांडला आणि फोटो उघडला.

दाणे होते. छातीवर, पाठीवर, मागच्या झुडपात, सगळीकडे होते. तिचं बोट चित्र मोठं करायला निघालं.

गुरुजींनी लॅपटॉपच उचलला. अंगण ओलांडून पलीकडे गेले, उखळावर तो ठेवला आणि तिच्याकडे तोंड करून उभे राहिले.

"तिथूनच बघ," म्हणाले.

शर्वरीने बघितलं.

अस्वलीण मोहाखाली उभी होती. तिचे डोळे दिसत होते. नाकावर मोहाचं एक फूल चिकटलेलं दिसत होतं. गळ्याखालचा पांढरा पट्टा दिसत होता, पाठीवरची दोन छोटी तोंडं दिसत होती आणि कान धरलेले ते पंजे दिसत होते. काळ्यात केस होते, आणि ते इथूनही वेगळे कळत होते.

"दाणे पुसू का थोडे?" शेवटी तिने विचारलं. या खेपेला तिने खरोखरच विचारलं.

"थोडे पूस. हात राखून. दाण्यांबरोबर केसही पुसले जातात."

ती कामाला बसली. काम संपता संपता अंगणात चाहूल लागली. फुलवंताबाई गंज न्यायला आली होती.

"मावशी, जरा येता का इकडे?"

बाई दबकतच आली. परवाचा काळोख तिला आठवत असणार. शर्वरीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

फुलवंताबाई उभीच राहिली. मग हळूहळू खाली बसली. पडद्याच्या अगदी जवळ.

"कान धरलाय जी त्यानं," ती म्हणाली.

"हो."

"माहा नातू असाच धरते." ती थोडी हसली. मग हसू थांबलं. ती बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा दुसऱ्याच कुठल्या सकाळी गेला.

"मी वाकली होती," ती सावकाश बोलायला लागली. "माहा हात फुलांत होता. मांगं झुडपात चिरचिर आवाज आला. मले वाटलं, पाखरू हाय. मी तिकडं पाय टाकला..."

ती थांबली.

"पाखरू नव्हतं न जी?"

गुरुजींनी नकारार्थी मान हलवली.

"मी मधात आली," फुलवंताबाई म्हणाली. "तिच्या अन् तिच्या लेकराच्या मधात." उजवा हात उचलून तिने पट्टीवर ठेवला, आणि ठेवताना पहिल्यांदाच तो हात खांद्याला घाबरल्यासारखा वाटला नाही.

काहीतरी बोलावं म्हणून शर्वरी म्हणाली, "मावशी, फोटो तसा स्वच्छ नाही आला. दाणे आलेत बघा त्यात."

"दाणे?"

फुलवंताबाई पुढे वाकली. डोळे बारीक केले. मग पदराचं टोक घेऊन लॅपटॉपची काच पुसली आणि पुन्हा पाहिलं.

"कोठी हायेत?"

शर्वरीने दाखवायला बोट उचललं. पण बाई पुन्हा पिल्लाच्या पंजांकडे बघायला लागली होती. शर्वरीने बोट मागे घेतलं.

"पोरी," फुलवंताबाई म्हणाली, "हे घेऊन माह्या घरी चाल. पोराले दाखवायचं हाय."

शर्वरी गेली. गुरुजी गेले नाहीत. म्हणाले, माझं काम नाही तिथे. फुलवंताबाईचा मुलगा दारात उभा राहूनच फोटो बघत होता. आई बोलत होती, गोंडीत, भराभर, मधेच स्वतःचा कान धरून दाखवत. शर्वरीला त्यातलं काही कळलं नाही. मुलाने एकदा आईच्या खांद्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, आणि बाहेर निघून गेला.

त्या रात्री शर्वरीला झोप कशी ती आली नाही.

पहाटेच तिने कपारीकडे पाहिलं. धूर नव्हता. उजाडल्यावर ती गावातून चक्कर मारून आली. फुलवंताबाईच्या गोठ्यात बैल उभे होते, आणि त्यांच्यापुढे गवताचे भारे सोडून टाकले होते. बैल संथपणे चघळत होते. मुलगा त्यांच्या अंगावरून हात फिरवत होता. त्याने शर्वरीकडे पाहून मान हलवली. एवढंच.

फुलवंताबाई त्या साली काही मोहाखाली गेली नाही. पुढच्या साली गेली. जाताना डबा वाजवत, मोठमोठ्याने स्वतःशीच बोलत, आपण आलोय हे साऱ्या रानाला सांगत गेली, असं शर्वरीच्या कानावर आलं.

*

गोठा पाहून आल्यावर त्याच दिवशी निघायची वेळ झाली. शर्वरीने बॅग गाडीत ठेवली आणि गुरुजींच्या पाया पडायला ओसरीवर आली. पाया पडून झाल्यावरही ती घुटमळली.

"काय?" गुरुजींनी विचारलं.

"रागवणार नाही ना?"

"विचार."

"इतकी वर्षं तुम्ही फोटो काढता. एकही दाणा नाही, असा फोटो तुम्हाला कधी मिळालाच नाही का?"

"मिळालाय की."

"दाखवता?"

गुरुजी आत गेले. कपाट उघडल्याचा, मग वर्तमानपत्र सोडवल्याचा आवाज आला. ते एक मोठा फोटो घेऊन आले आणि तिच्या हातात दिला.

शर्वरीने श्वास रोखला. जंगलातला एक पाणवठा होता. भर दुपारचा. काठावरचा एकेक खडा वेगळा दिसत होता, एकेक पान, पानांच्या शिरा, पाण्याखालची वाळूसुद्धा. नितळ. काचेसारखा नितळ. असा फोटो तिने आजवर पाहिला नव्हता.

मग ती जनावर शोधायला लागली. पाण्यात पाहिलं. दगडांमागे पाहिलं. फांद्यांवर, सावलीत, गवतात. फोटो थोडा लांब धरून पाहिला, पुन्हा जवळ घेऊन पाहिला...

"गुरुजी," ती म्हणाली, "यात कोण आहे?"

गुरुजींनीही तिच्या खांद्यावरून वाकून फोटोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"उजेड भरपूर होता," ते म्हणाले. "आलं कोणीच नाही."